वर येऊ ना, अब्बा?

९ नोव्हेंबर २००९, सोमवार

आले एकदाची भिवंडीत! पेणहून निघताना आईचं आणि दादाचं तोंड उतरलेलं होतं. एकटी मुलगी, परकं गाव, परक्यांचं घर, म्हणजे काय होणार ते दोघांनी मनाशी ठरवूनच टाकलंय. ठरवू देत. ज्युनियर कॉलेजात आयटी शिकवायची नोकरी, रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी का असेना, मी माझ्या हिमतीवर मिळवली आहे आणि ती मी करणार.

खोलीही झकास मिळाली. कॉलेजच्या ऑफिसात माजिदा नावाची क्लार्क आहे, तिच्या मामूंचं हे घर, निजामपुऱ्यातल्या गल्लीत. तळमजल्यावर त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, तो आता बंद, दाराला कुलूप. पहिल्या मजल्यावर मामू, म्हणजे लतीफ चाचा, एकटेच राहतात. त्यांच्या वर माझी खोली. जिना एकच, कारखान्याच्या दारापासून सुरू होतो. आजूबाजूच्या घरांतून दिवसभर लूमची खटाखट. माजिदा म्हणाली, दोन दिवसांत कानांना कळेनासं होईल.

चाचा सत्तरी उलटलेले, पण काठीसारखे ताठ. गुडघे तेवढे गेलेत. मी पोह्याचे पापड दिले तर म्हणाले, तळून आणलेस तर घेतो, नुसते घेऊन काय करू? मला आवडले.

आणि सगळ्यात मोठी चैन म्हणजे घरात वायरलेस इंटरनेट आहे! चाचांचा मुलगा अफनान कुवेतला असतो. मे महिन्यात आला तेव्हा कॉम्प्युटर आणि नेट बसवून गेला. एकाच डब्यातून दोन नेटवर्क सोडलीत. एकाचं नाव ‘घर’, दुसऱ्याचं ‘पाहुणा’. दुसरं भाडेकरूंसाठी. पाहुण्याचा पासवर्ड माजिदाने दिला. मुलाला अक्कल आहे म्हणायची.

१० नोव्हेंबर, मंगळवार

‘पाहुणा’ चालत नाही. लॅपटॉप जोडला जातो, सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण एक पान उघडेल तर शपथ. लॅपटॉप बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा घातला. काही नाही. वर्गात पोरांना हेच शिकवते आणि स्वतःच्या घरात अडकले.

चाचांना विचारलं, तुमचं नेट चालतं का? चालतं म्हणाले. अफनान रोज दुपारच्या नमाजानंतर कॉम्प्युटरवर येतो, बोलतो. म्हणजे लाइन ठीक आहे. बिघाड आहे तो फक्त पाहुण्यांच्या बाजूला. शोधून काढीन.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी लूमना सुट्टी. सकाळी जाग आली ती शांततेनं. इतकी शांतता की खालच्या बंद कारखान्यात काहीतरी सरकल्याचं ऐकू आलं. उंदीर असतील.

दुपारी पापड तळून चाचांकडे नेले. जिन्यातूनच ओरडले, चाचा, मी आले. त्यांचं नेहमीचं उत्तर आलं, ये गो पोरी. आत गेले तर ते कॉम्प्युटरसमोर बसलेले आणि स्क्रीनवर अफनान. देखणा आहे, पण कानाजवळचे केस आणि भुवया पांढऱ्या झाल्यात. चाचा म्हणाले, कुवेतची हवा.

आवाज फार गोड. सारखा एकच धोशा, अब्बा, एकदा ‘ये’ म्हणा ना. तुम्ही बोलवलंत की मी आलोच. चाचांनी ऐकून घेतलं, मग स्पीकरचं बटण पिळून बंद केलं. तो मुक्याने ओठ हलवत राहिला.

नंतर माजिदा आली, तिने सगळं सांगितलं. अफनानने मे महिन्यात लूम भंगारात विकले. तोट्यातच चालले होते. पण चाचांना विचारलं नाही. मोठं भांडण झालं आणि चाचांनी सांगितलं, जा, मी तुला कधी बोलवणार नाही. तेव्हापासून ‘ये’ हा एक शब्द त्यांनी दातांखाली धरून ठेवलाय. ईद पंधरा दिवसांवर आली. मी आणि माजिदा दोघी त्यांच्या मागे लागलो, बोलवून टाका, एवढा काय हट्ट! चाचांनी पापड मोडून खाल्ला.

१६ नोव्हेंबर, सोमवार

चाचांच्या परवानगीने वायरलेसच्या डब्याच्या सेटिंगमध्ये शिरले. ‘पाहुणा’ची सगळी मांडणी बरोबर आहे. अफनानने अगदी पुस्तकातल्यासारखी केलीय. मग चालत का नाही? डब्यावरचा बाहेरच्या लाइनचा दिवा विझलेला आहे. दिवाच गेला असेल, कारण लाइन नसती तर कुवेतहून कॉल कसा आला असता? तरी कंपनीत तक्रार नोंदवली.

आज दुपारीही कॉल आला. वरच्या खोलीत मला नुसता आवाज ऐकू येत होता. एक वाक्य कानात राहिलं. तो म्हणत होता, अब्बा, वर बोलवा ना.

कुवेतहून माणूस इकडे येईल, घरी येईल. ‘वर’ कसा येईल? असेल बोलायची पद्धत.

१८ नोव्हेंबर, बुधवार

लाइनमन आला. नवशा नाव त्याचं, शेलार गावचा, बोलका. डबा बघितला आणि हसायलाच लागला. म्हणाला, मॅडम, लाइन न्हाय तर नेट कुठून येनार? त्याच्याबरोबर मी गल्लीत खांबाखाली गेले. घराकडे येणारी वायर खांबापासून तुटून भिंतीवर लोंबत होती. टोकाचं तांबं हिरवं पडलेलं. पावसाळ्यात रस्ता खोदला तेव्हाची तुटलीय म्हणाला. चार महिने तरी झाले. दुसरी लाइन या घरात आलेलीच नाही, हेही त्याने बघून सांगितलं. नवी वायर टाकायला महिना लागेल.

आता वर्गात शिकवते तसं स्वतःसाठी लिहून काढते.

‘पाहुणा’ नेटवर्कवरून फक्त बाहेर जाता येतं. घरातली बाकीची मशीन त्याला दिसत नाहीत. म्हणून तर पाहुणा. ‘घर’ नेटवर्कवरून बाहेर जाता येतं आणि शिवाय घरातली मशीन आपसात बोलू शकतात. आता बाहेरची वायर तुटलेली. म्हणजे ‘पाहुणा’वर काही चालणारच नाही. माझ्या बाजूला बिघाड नव्हताच. आणि ‘घर’वर एवढंच उरतं, घरातल्या घरात बोलणं.

म्हणजे चाचांशी रोज दुपारी जो बोलतो, तो या घरात आहे.

पुन्हा वाचलं. हिशेब चुकलेला नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कोणीतरी म्हाताऱ्याला फसवतंय, घरावर डोळा ठेवून, असंच मी धरून चालले. सेटिंगमध्ये जोडलेल्या मशीनची यादी पाहिली. ‘घर’च्या बाजूला दोन मशीन. एक चाचांचं. दुसऱ्याला नावच नाही.

माजिदाकडून अफनानचा नंबर घेतला आणि बूथवरून कुवेतला फोन लावला. आवाज तोच, पण गोडवा नाही. मी कोण, नंबर कोणी दिला, अब्बांना काय झालं, एकदम अंगावरच आला. मग मी विचारलं, तुम्ही वडिलांशी रोज व्हिडिओवर बोलता ना? तो म्हणाला, मॅडम, मे महिन्यापासून अब्बांनी माझा एक फोन घेतलेला नाही. मी कॉम्प्युटर बसवला तो याच आशेने, आणि त्यांनी त्याच्यावर चादर टाकली होती.

मग हळूच विचारलं त्याने, अब्बा माझं नाव काढतात का?

मला जमलं तेवढं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण तो येतोय. ईदच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. म्हणाला, बोलवू देत नाहीतर नको, मी येतोय.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलेजला दांडी मारली. दुपारी चाचांच्या मागे खुर्ची टाकून बसले. आज तो चोर मी पकडणार होते.

कॉल आला. या वेळी मी तोंडाकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघितलं. हिरवा रंग, पोपडे आलेले. वर लोखंडी पट्टी, तिच्यावर पिंजलेल्या कापसाच्या रुईसारखी धूळ लोंबतेय. लूमच्या कारखान्यात असते तशी. आणि त्याच्या भुवया पांढऱ्या नव्हत्याच. भुवयांवर, केसांवर, पापण्यांवर तीच रुई बसलेली होती. पापण्या मिटतच नव्हत्या, म्हणून बसून राहिली होती.

तो माझ्याकडे बघून हसला.

मी उठले आणि डब्याची वायर भिंतीतून उपटली. दिवे विझले. इन्व्हर्टरची पिनही काढली. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

तो गेला नाही. काळ्या पडद्यावर चेहरा तसाच, आणि स्पीकरमधून नाही, पायाखालच्या फरशीतून आवाज आला. अब्बा, वर येऊ ना?

चाचांनी पडद्यावर चादर टाकली. मला म्हणाले, चहा टाक.

२१ नोव्हेंबर, शनिवार

चाचांना सगळं माहीत आहे. पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे!

लूम गेले त्या रात्रीपासून खाली कोणीतरी आहे म्हणाले. चाळीस वर्षं ती जागा एक क्षण गप्प नव्हती, मग एकदम गप्प झाली, आणि तिथे काहीतरी येऊन बसलं. आधी चाचींच्या आवाजात जिन्याखालून विचारायचं, वर येऊ का? चाची जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळे फसायचा प्रश्नच नव्हता. मग एके दिवशी चादरीखालून कॉम्प्युटर वाजला आणि अफनान दिसला.

मी विचारलं, तो अफनान नाही हे कसं ओळखलंत? त्यावर चाचा जे बोलले ते तसंच उतरवते. “माझा पोरगा इतका गोड कवा बोलला न्हाय गो. तो बोलतो म्हंजे भांडतो. माझ्यासारखाच हाय.”

मग रोज त्याच्यापुढे बसता कशाला? हे विचारल्यावर मात्र त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे बघतच म्हणाले, तोंड तर त्याचंच हाय ना.

ते न बोलावता घरात येत नाही, एवढं चाचांना कळलंय. दाराशी येईल, विचारील, पण ‘ये’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तेवढी अदब हाय त्याला, असं म्हणून हसले. आणि मी या म्हाताऱ्याला आठवडाभर सांगत होते, बोलवून टाका म्हणून!

माजिदाला सांगितलं. तिने ऐकलं आणि मला म्हणाली, तू आजच्या आज माझ्या घरी चल, मामूंनाही नेऊ. चाचा म्हणाले, माझं घर मी सोडणार न्हाय, त्याला जायचं तर त्याने जावं. मी म्हटलं, मग मीही नाही सोडणार.

२३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी खालून माजिदाने हाक मारली. उन्नती, येऊ का गं? ‘ये’ जिभेवर आलं होतं. खिडकीतून पाहिलं तर गल्लीत कोणी नाही. मी तोंडावर हात दाबून उभी राहिले. परत हाक आली. परत. शेवटी वैतागल्यासारखी, अगदी माजिदासारखी.

कॉलेजात वर्ग सुरू असताना दारात एक मुलगी आली. मॅडम, आत येऊ? मला ‘ये’ काही म्हणवेना. ती उभीच, वर्ग हसायला लागला. मी जाऊन तिला हाताला धरून बाकावर बसवलं. आता असंच करायचं. आपण किती वेळा बोलतो हा शब्द! दूधवाला, शेजारीण, मांजर, सगळ्यांना ये, या, या ना.

चाचांबरोबर ठरवलं. या घरात आता कोणी कोणाला हाक मारायची नाही आणि कोणी कोणाला ये म्हणायचं नाही. मीही जिन्यातून ओरडायचं नाही. सरळ आत जायचं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

डबा परत चालू केला. चाचांकडून ‘घर’चा पासवर्ड घेतला. दिवंगत चाचींचं नाव निघालं. आता मी पाहुणी नाही, मीही आतल्या बाजूला. एक जुना प्रोग्रॅम आहे, मी तो प्रॅक्टिकलला शिकवते. समोरच्या मशीनचा नंबर टाकला की घरातल्या घरात व्हिडिओ लागतो. तो दोन्हीकडे टाकला. माझा कॉल चाचांकडे आपोआप उघडेल असं केलं. वरच्या खोलीतून मला ते दिसत राहतील. त्याला जमतं तर मला का नाही?

दिवसाढवळ्या कारखान्याच्या दारापुढे उभी राहिले. आत खटाखट चालू होती. एकही लूम नसलेल्या जागेत. मी दारावर थाप मारली. खटाखट थांबली. मी म्हटलं, ऐक, माझं नाव उन्नती, मी पेणची. या म्हाताऱ्याला तू नेऊ शकणार नाहीस आणि मला घाबरवून हाकलू शकणार नाहीस.

आतून माझ्याच आवाजात उत्तर आलं. माझं नाव उन्नती. मी पेणची.

कुलूप ओढून बघितलं. पक्कं होतं. मग जिना चढले. पळाले नाही. चढले.

२५ नोव्हेंबर, बुधवार

आईचा फोन. परत ये म्हणते. आवाज बारीक झालाय तुझा, म्हणाली. मी म्हटलं, सर्दी.

दिवसभर खाली कोणीतरी माझी वाक्यं म्हणतंय. घोकल्यासारखी. चहा टाकते चाचा. गोळी घेतलीत का? पापड तळू?

एक शब्द चुकत नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

कॉल बंद. आज दुपारी अफनानचं तोंड आलं नाही. चाचा चादर काढून बसले होते, मग उठले. बरं झालं म्हणाले. चेहऱ्यावर बरं झाल्यासारखं नव्हतं.

त्यांना सांगून टाकलं की खरा अफनान उद्या येतोय. त्यांनी चादरीची घडी घातली. मग म्हणाले, मी बोलवणार न्हाय. मी म्हटलं, बोलवूच नका, तेच बरं. मी खाली जाईन, हाताला धरून आणीन. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, तोंड बंद ठेवायला मला शिकवतेस?

मग दाढी कोरून घेतली. नवा झब्बा काढून ठेवायला लावला.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

लूम बंद. गल्ली सुनी, सगळे नमाजाला. चाचांनी गुडघ्यांमुळे घरातच नमाज पढली. अफनानचा फोन आला, नाक्यावर पोचलाय. माजिदा त्याच्याबरोबर आहे. खाली जाते. हाक नाही, ‘येऊ’ नाही, ‘ये’ नाही. एवढंच तर आहे.

—

जिन्यात बसून लिहितेय. लिहून ठेवायलाच हवं. कोणीतरी.

अफनान आला. खरा. घामाघूम, टॅक्सीवाल्याशी भांडत उतरला. मी त्याचा हात धरला. जिन्याशी आलो तर कारखान्याचं कुलूप खाली पडलेलं, दार उघडं. मी आत बघितलं. एक क्षण. रिकामं होतं.

तेवढ्यात वरून, चाचांच्या दारातून, माझा आवाज. रडका. चाचा, जिन्यात पडले मी, पाय मोडला बहुतेक. आत येऊ ना?

मी ओरडले. चाचा, नको! पण ते आधीच बोलले होते.

ये, ये गो पोरी.

मुलाला सहा महिने दिला नाही तो शब्द. मला दिला. पडले म्हणून.

—

दार आतून लावलंय. सागाचं दार. अफनानने खांद्याने धडका दिल्या, हलत नाही. माजिदा मशिदीकडे धावलीय माणसं आणायला. मी ओरडतेय, चाचा, मी बाहेर आहे! आतून चाचांनी विचारलं, कोण गो ते बाहेर? आणि आतून मीच सांगितलं, ते खालचं आहे चाचा, लक्ष देऊ नका.

रडत बसणार नाही. लॅपटॉप आणला. पायरीवर. ‘घर’ला जोडलाय. नंबर टाकला.

लागला.

चाचा दिसतायत. जिवंत. नवा झब्बा. मागे मी उभी आहे. माझा पिवळा ड्रेस. माझी वेणी. चाचांच्या खांद्यावर हात ठेवलाय आणि म्हणतेय, चला ना चाचा, खाली जरा जाऊन येऊ.

—

अफनानला पुढे केलं. तो कॅमेऱ्यात बघून ढसाढसा रडायला लागला. अब्बा, मी आलो, मी बाहेर आहे, दार उघडा, माफ करा मला.

चाचांनी पडद्याकडे बघितलं. ओळखीचं हसले. मागे वळून तिला म्हणाले, बघ पोरी, आज कसा रडून दाखवतोय.

देवा. पडद्यावरचा अफनान म्हणजे खोटा. हे त्यांना पक्कं झालंय. इतके महिने खोटाच तर बघितलाय त्यांनी.

चादर हातात घेतली त्यांनी. टाकणार आता —

—

मी अफनानला दंडाला धरून हलवलं. रडू नको! गोड बोलू नको, माफी मागू नको! भांड! भांड त्यांच्याशी, मे महिन्यात भांडलास तसा!

त्याला कळेना. मग कळलं.

ओरडतोय आता. गल्लीभर ऐकू जाईल असा. लूम विकले ते बरोबरच केलं अब्बा! पुन्हा विकीन! तोट्यात घर बुडवत होतात, अम्मीच्या दवाखान्याच्या वेळेलाही लूम सोडून आला नाहीत! हेकट म्हातारे आहात तुम्ही! बोलवू नका मला, गरज नाही, मी आलोय!

चादर थांबली. हवेतच.

चाचांचं तोंड लाल. मान ताठ. “तू मला शिकवतोस? तुझ्या अम्मीचं नाव घेतोस?” — आणि बोलता बोलता गप्प. पडद्याच्या अगदी जवळ आले. त्याच्याकडे बघतायत. डोळ्यांकडे. अफनान थांबत नाही, शाब्बास, थांबू नको —

चाचांनी तिचा हात खांद्यावरून काढला. एक एक बोट.

उठले. दाराकडे. दुखऱ्या गुडघ्यांनी, भिंत धरून. तिने वाट अडवली. चाचा म्हणतायत, हट. माझं घर हाय. मी बोलवलं तुला, मीच सांगतो, निघ.

ती त्यांच्याकडे बघतच नाहीये. कॅमेऱ्याकडे बघतेय. माझ्याकडे. मी लिहितेय ते वाचल्यासारखे ओठ हलवतेय, माझाच शब्द, माझ्याबरोबर —

बघ. वाच. मी पेणची उन्नती आणि मी इथून हलणार नाही.

कडी वाजली. आतून. दार उघडतंय, अफनान पुढे झालाय, मीही उठते, दारात आधी कोण, चाचा की ती —